सांतो, सांतोन आणि आपला वली

एका पुस्तकाच्या नावापासून सुरुवात करावी लागते आहे. १९३३ साली माद्रिदला 'वीदास दे सांतोनेस आंदालुसेस' नावाचे स्पॅनिश पुस्तक प्रसिद्ध झाले. इब्न अरबी (११६५-१२४०) यांनी मक्केत असताना 'रूहुल कुद्स' हा ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या उस्तादांची आणि सोबत्यांची पन्नासहून अधिक छोटी चरित्रे आहेत, बहुतेक मायदेशी अंदलुसमध्ये भेटलेल्या माणसांची. त्या चरित्रांचा हा स्पॅनिश अनुवाद. अनुवादक मिगेल आसिन पालासिओस हे माद्रिदला अरबीचे प्राध्यापक होते आणि धर्माने नुसते कॅथलिक नव्हते, दीक्षा घेतलेले पाद्री होते. नावाचा सरळ अर्थ 'अंदलुसी सांतोनांची चरित्रे' असा होतो. या 'सांतोन' शब्दापाशी आम्ही बरेच दिवस अडून बसलो आहोत.

स्पॅनिशमध्ये पवित्र पुरुषासाठी साधा, रोजच्या वापरातला शब्द आहे 'सांतो'. बाई असेल तर 'सांता'. पुरुषाच्या नावाआधी आला की बहुतेक वेळा त्याचा 'सान' होतो. अमेरिकेच्या नकाशावर सान फ्रान्सिस्को, सान दिएगो, सांता बार्बारा अशी जी शहरे दिसतात ती या शब्दाचीच लेकरे. हा शब्द देवळापुरता राहिलेला नाही. एखाद्या नसत्या उठाठेवीला वैतागून स्पॅनिश माणूस "हे कुठल्या सांतोसाठी?" असे विचारतो, म्हणजे आपले "कशाला हे?" लग्नावाचून राहिलेल्या बाईला "सांतोंना कपडे चढवायला उरली" असे टोचून बोलतात. सोशिक नवऱ्याला, दुसऱ्यासाठी राबणाऱ्या शेजाऱ्याला "हा सांतो आहे" म्हणतात. इतका मुबलक शब्द हाताशी असताना आसिन यांना तो इब्न अरबींच्या उस्तादांसाठी वापरावासा वाटला नाही. त्यांनी त्याला 'ओन' हे शेपूट जोडले. स्पॅनिशमध्ये हे शेपूट वस्तू मोठी करते आणि पुष्कळदा तिची थट्टाही करते. स्पॅनिश अकादमीच्या कोशात 'सांतोन'चा पहिला अर्थ आहे ख्रिस्ती धर्माबाहेरचा, विशेषतः मुसलमान, विरक्त माणूस. दुसरा अर्थ आहे पावित्र्याचा आव आणणारा ढोंगी. दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या खाली, एकाखाली एक.

याचा परिणाम काय होतो ते दोन शेतकऱ्यांच्या उदाहरणाने सांगतो. माद्रिदजवळ इसिद्रो नावाचा एक शेतमजूर होता. बाराव्या शतकात तो वारला. तो प्रार्थनेत गढून गेला की फरिश्ते येऊन त्याचा नांगर धरीत, अशी कथा आहे. १६२२ साली रोमने त्याला सांतोपद दिले आणि आज तो माद्रिद शहराचा रक्षक मानला जातो. त्याच शतकात, त्याच द्वीपकल्पात, आज पोर्तुगालमध्ये असलेल्या लूले गावी अबुल अब्बास उर्यानी नावाचा एक खेडूत होता. त्याला लिहिता येत नव्हते, हिशेब येत नव्हता. इब्न अरबींचा या मार्गातला पहिला उस्ताद हाच. तौहीदवर तो बोलू लागला की ऐकतच राहावे, असे इब्न अरबी सांगतात. दोघांचे हात मातीचे, दोघेही निरक्षरांच्या जगातले. एक सांतो झाला आणि दुसरा सांतोन.

आसिन हे काही इस्लामचे वैरी नव्हते, हे इथेच सांगितले पाहिजे. उलट युरोपात ज्यांनी आपल्या विद्येसाठी आयुष्य वेचले त्यांत त्यांचे नाव वरचे आहे. दांतेच्या महाकाव्यावर मेराजच्या कथांचा ठसा आहे असे त्यांनी १९१९ साली मांडले, तेव्हा युरोपभर गदारोळ झाला होता. इब्न अरबींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला तो १९३१ सालचा. त्याचे नाव मात्र 'ख्रिस्ती वळणाचा इस्लाम' अशा अर्थाचे आहे. म्हणजे जे आवडले ते मुळात आपलेच असणार, हा हिशेब. प्रेम होते, अभ्यास होता, पण पाहुण्याला ओसरीवर बसवून केलेला पाहुणचार होता. आम्हाला छळतो तो वैऱ्याचा शब्द नाही. वैऱ्याचा शब्द ओळखता येतो. हा चाहत्याचा शब्द आहे.

आणि तो आम्हाला ओळखीचा वाटला तो मराठीमुळे. मराठी वर्तमानपत्र उघडा. एखादा चित्रकार विक्षिप्त असेल, दाढी वाढवून फिरत असेल, वेळेवर जेवत नसेल, तर तो 'अवलिया'. नियम न पाळणारा क्रिकेटपटू 'अवलिया'. मृत्युलेखाच्या मथळ्यात तर हा शब्द ठरलेला. 'अवलिया' हे अरबीत अनेकवचन आहे, 'वली'चे. वली म्हणजे जवळचा, दोस्त, पाठीराखा. कुरआन शरीफच्या दहाव्या सूरहमध्ये अल्लाहच्या अवलियांना ना भय आहे ना शोक, असे आले आहे. मराठीने अनेकवचनाचे एकवचन केले याबद्दल आमची तक्रार नाही. भाषा असे करतातच, मौलवीसाहेबांनी कितीही नाके मुरडली तरी. तक्रार आहे ती अशी की, त्या दोस्तीतले काहीच शिल्लक राहिले नाही. राहिला तो फक्त विक्षिप्तपणा.

'दरवेशी'चे याहून वाईट झाले. फारसीत दरवेश म्हणजे अल्लाहच्या दारातला गरीब. मराठी मुलाला दरवेशी म्हणजे काय विचारा, तो म्हणेल, अस्वलवाला. 'कलंदर' म्हणजे बेफिकीर कवी. 'फकीर झाला' म्हणजे दिवाळे निघाले. या शेवटच्या शब्दाची लाज अण्णा भाऊ साठ्यांनी राखली. त्यांचा 'फकिरा' १९५९ साली आला आणि मांगवाड्यातल्या एका शूर माणसाच्या नावाने तो शब्द मराठी कादंबरीत ताठ उभा राहिला. आमच्यातल्या कुणी राखली नाही, हेही नोंदवून ठेवू.

यावर कुणी म्हणेल, शब्द घसरतातच, त्यात धर्माचे काय? 'बुवा' आणि 'बाबा' यांचे मराठीने काय केले ते 'बुवाबाजी' शब्दच सांगतो. "या महाराज!" हे स्वागतही असते आणि टोमणाही. स्पेनमध्येही तसेच. रोमच्या शिडीवर सांतोच्या खालची पायरी 'बेआतो' ही आहे, पण बोलीत 'बेआता' म्हणजे सारखी जपमाळ ओढणारी, लोकांच्या चालीरीतींवर डोळा ठेवणारी बाई. 'बेंदितो' म्हणजे आशीर्वाद मिळालेला, आणि बोलीत भोळसट. आक्षेप खरा आहे. पण जरा पुढे जाऊन पाहा. 'महाराज' टोमण्यात गेला तरी त्याची वरची जागा रिकामी झाली नाही. तुकाराम महाराज हे महाराजच आहेत. 'सांतो'ची थट्टा झाली तरी इसिद्रो सांतोच आहे. स्वतःच्या घरचा शब्द घसरतो तेव्हा त्याचे दोन अर्थ होतात, वरचा आणि खालचा. परक्या घरचा शब्द घसरतो तेव्हा वरचा अर्थ मरतो. मराठी माणसाच्या कानात 'दरवेशी'ला वरचा मजलाच नाही. फरक इथे आहे.

स्पॅनिशमध्ये अरबी मूळ असलेले शब्द काही थोडेथोडके नाहीत, हजारांनी आहेत. पाण्याचे, शेतीचे, बांधकामाचे, कर-वसुलीचे. "असे होवो" म्हणायला स्पॅनिश माणूस आजही 'ओखाला' म्हणतो आणि आपण अल्लाहची मर्जी मागतो आहोत हे त्याच्या गावीही नसते. पण पवित्र माणसांच्या शब्दांत आपली मिळकत फार थोडी. सरहद्दीवरच्या रिबातमध्ये राहून इबादत करणारा तो 'मुराबित'. त्याचा स्पॅनिशमध्ये 'मोराबितो' झाला, म्हणजे पुन्हा मुसलमान बैरागी किंवा त्याची झोपडी. याच शब्दाच्या घराण्यातून 'मारावेदी' हे नाण्याचे नाव आले. इबादतगुजारांचे नाव शेवटी गल्ल्यात जाऊन पडले. कोलंबस ज्या ला राबिदा मठात मुक्कामाला होता त्या नावातही तोच रिबात आहे.

सगळ्यांत जिव्हारी लागतो तो 'मिस्कीन'. सूरह माऊनमध्ये मिस्कीनाला खाऊ घालण्याबद्दल जी ताकीद आहे ती आपल्यात लहान मुलालाही पाठ असते. आपल्या घरांत मिस्कीन म्हणजे गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला, नरम माणूस. सून चांगली निघाली तर सासू शेजारणीला सांगते, "बडी मिस्कीन है." स्पॅनिशमध्ये हा शब्द गेला आणि 'मेस्कीनो' झाला. अर्थ? कंजूस, कोत्या मनाचा. ज्याला द्यायचे तोच न देणारा ठरला. शतकानुशतके गरिबाकडे तुच्छतेने पाहिले की असे होते. याला व्युत्पत्तीच्या कोशाची गरज नाही, कुठलाही रेशनचा रांगेतला माणूस सांगेल.

आता मराठीतल्या 'संत' शब्दाकडे येऊ. 'सांतो' आणि 'संत' हे एकाच घराण्यातले असावेत असे पुष्कळांना वाटते. नाहीत. 'सांतो' लॅटिनच्या 'सांक्तुस'चा वंशज. विधी करून वेगळा काढलेला, पवित्र ठरवलेला, असा त्याचा अर्थ. म्हणून त्याला ठरवणारे कुणीतरी लागते, रोम लागते, कागदपत्रे लागतात. 'संत' आला 'सत्' पासून, जो असतो, जो खरा आहे, तो. त्याला शिक्कामोर्तब लागत नाही, लोक म्हणू लागले की झाले. आणि 'वली' तिसराच. तो वेगळा काढलेला नाही, तो जवळ घेतलेला आहे. तीन शब्दांत तीन चित्रे आहेत आणि एकाचा अनुवाद दुसऱ्याने केला की चित्र बदलते.

यातला 'संत' आमच्या बाबतीत उदार राहिला, हे कबूल केले पाहिजे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना मराठीने 'संतोन' केले नाही, संत म्हटले. 'योगसंग्राम'चा कर्ता ज्ञानोबा-तुकोबांच्या पंगतीत बसला. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकाच्या नावातच 'संत' आणि 'मुसलमान' हे शब्द शेजारी बसले आहेत, कुणाला शेपूट न लावता. यू. म. पठाण सरांनी आयुष्यभर संतवाङ्मयाचा अभ्यास केला आणि १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांना हा शब्द कधी उसना वाटला असेल असे त्यांच्या लेखनात दिसत नाही. पण या उदारतेला एक अट आहे आणि ती आपल्या समीक्षेने कधी नीट पाहिली नाही. मराठीत ओव्या लिहिल्या तर संत. नाही लिहिल्या तर 'पीरबाबा'. जुन्या नाशकात बडी दर्गा आहे, सय्यद सादिक शाह हुसैनी यांची. नाशिकला गुलशनाबाद म्हणत त्या काळापासूनच्या आठवणी त्या मोहल्ल्यात आहेत. शहराच्या श्रद्धेत त्यांची जागा मोठी आहे. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना शब्द नाही, कारण त्यांची मराठी ओवी नाही. वाङ्मयाचा इतिहास ओव्यांचाच असणार, मान्य. मग निदान संतपरंपरेचा इतिहास लिहिताना तरी ओवीची पावती मागू नये.

लोकांनी कधी मागितली नाही. परंपरा सांगते की मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. गावोगावी मराठ्यांत पिराजी सापडतो. गोव्यात तर आणखी गंमत आहे. नवारचा स्पॅनिश माणूस, १५४२ साली गोव्यात आलेला आणि १५५२ साली वारलेला फ्रान्सिस झेवियर. इसिद्रोबरोबर एकाच दिवशी रोमने त्यालाही सांतो केले. पण गोव्याचा ख्रिस्ती माणूस त्याला प्रेमाने 'गोंयचो सायब' म्हणतो. सायब म्हणजे साहेब, अरबी 'साहिब', सोबती आणि धनी. मरियमला 'सायबीण'. स्पेनने आमच्या उर्यानीला सांतोन म्हटले आणि गोव्याच्या कुणब्याने स्पेनच्या सांतोला आमचा शब्द दिला. त्याने विद्यापीठात अरबी शिकली नव्हती.

नाशिकरोडलाही हे घडते. फेब्रुवारीत तिथे बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईकडून ख्रिस्ती भाविक येतात आणि शहरातली इतर धर्मांची माणसेही जातात. बाळ येशूच्या या रूपाचे मूळ प्रागच्या मूर्तीत आहे आणि प्रागला ती मूर्ती स्पेनहून लग्न होऊन आलेल्या एका घराण्याकडून १६२८ साली मठाला मिळाली. स्पॅनिशमध्ये 'नीन्यो खेसूस'. नाशकात त्याचा 'बाळ' झाला, रामाचा आणि कृष्णाचा होतो तसा. उत्सवाला 'यात्रा' म्हणतात. आपण याच शहरात 'उरूस' म्हणतो आणि तपोवनात साधू जमतात तेव्हा 'कुंभमेळा'. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई याच शहराशी बांधलेली माणसे. टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर वारकऱ्यांचे शब्द टाकून दिले नाहीत, आणि १९१७ साली आपल्या मंडळाला नाव दिले 'देवाचा दरबार'. त्यातला दरबार फारसी. मराठी ख्रिस्ती लेखकांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता. आपण अजून कंसात '(र.अ.)' लिहून सुटतो.

ही सगळी शब्दांची चैन वाटत असेल तर दोन अलीकडच्या गोष्टी आठवा. २०२३ च्या मे महिन्यात त्र्यंबकेश्वरला गावातल्या वलीच्या संदलची मिरवणूक निघाली आणि मंदिराच्या पायरीशी वाद झाला. मिरवणुकीतले लोक म्हणत होते, आम्ही पायरीवरून धूप दाखवतो, ही जुनी चाल आहे. बातम्यांतून फिरले ते 'चादर चढवण्याचा प्रयत्न'. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. 'धूप दाखवणे' हे शब्द ज्या गावाचे होते त्या गावाबाहेर गेल्यावर त्यांना कुणी ओळखेना. आणि २०२५ साली श्रीगोंद्यात, संत शेख महंमदांच्याच जागी, हे देवस्थान की दर्गा, असा वाद पेटला. समाधी म्हणायचे की मजार? महाराज की हजरत? ज्याला चारशे वर्षे दोन्ही म्हटले गेले त्याला आता एकच म्हणावे लागेल असा आग्रह दोन्हीकडून झाला. दोन्हीकडून, हे मुद्दाम लिहितो.

तेव्हा आपल्या अंगणातही झाडू फिरवला पाहिजे. मुस्लिम मराठी कथेत साधू किंवा पुजारी आला की तो काय करतो? आम्ही वाचलेल्या बऱ्याच कथांत तो एक तर दंगल पेटवतो किंवा पैसे खातो. वारीला जाणारा, दुष्काळात गावाला ताक वाटणारा बुवा आपल्या कथेत सहसा येत नाही, गावात असला तरी. म्हणजे परक्याच्या शब्दाचा वरचा मजला आपणही पाडतोच.

भल्या माणसांच्या शब्दांचे मात्र निराळे आहे. ते सगळ्यांचे असतात. स्पॅनिशमध्ये भल्या माणसाला 'पेदासो दे पान', भाकरीचा तुकडा, म्हणतात. 'भाकरीहूनही चांगला' असेही म्हणतात. साध्या मनाच्या माणसाला 'आल्मा दे दिओस', ईश्वराचा जीव. यात कुणी सांतो नाही आणि सांतोनही नाही. मराठीत 'देवमाणूस' आहे. तौहीदच्या काटेकोर नजरेतून पाहिले तर देव आणि माणूस जोडणारा हा शब्द आपल्याला खटकायला हवा. पण जुन्या नाशकात फी न घेता औषध देणाऱ्या डॉक्टरला बुरख्यातली बाई बेलाशक 'देवमाणूस' म्हणते, आणि पंचवटीतला माणूस रक्त द्यायला धावलेल्या पोराला 'फरिश्ता'. या देवघेवीवर कुणी फतवा काढलेला नाही, काढूही नये.

अडचण येते ती हा शब्द कथेत शिरला की. मराठी कथेतला मुसलमान एके काळी खलनायक होता. नंतर तो 'चाचा' झाला. पांढरी दाढी, अत्तराचा वास, गणपतीच्या मंडपाला दिवे लावणारा, दंगलीत शेजारच्या पोरीला घरात लपवणारा, आणि शेवटी बहुधा मरणारा. मेल्यावर कुणीतरी म्हणणार, "देवमाणूस होता." आपले लेखकही ही कथा लिहितात, पुन्हा पुन्हा, आणि आम्ही ती प्रेमाने वाचतो. पण त्या चाचाला कधी राग येत नाही. तो कधी भाड्यावरून भांडत नाही, सुनेशी कुरकुरत नाही, नमाज चुकली म्हणून चिडचिड करत नाही. तो भाकरीचा तुकडा नाही, चांदीचा ताईत आहे. खलनायकाला माणूस करण्याऐवजी आपण त्याला एकदम फरिश्ता केले आणि मधली सगळी माणूसपणाची जागा सोडून दिली. 'सांतोन'मध्ये जे शेपूट लागले होते ते इथे दुसऱ्या टोकाने लागले आहे. परक्याच्या घरात शोभावा म्हणून आपणच आपला माणूस मोठा करतो.

इब्न अरबींची चरित्रे या बाबतीत उस्ताद आहेत. ती माणसे धंद्यावाली आहेत. एक खय्यात, म्हणजे शिंपी. एक खर्राझ, म्हणजे चामडे शिवणारा. एक टोप्या करून पोट भरणारा. मराठी वाचकाला नामदेव शिंपी आणि रोहिदास आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि तिथे 'संत' हा शब्द असा चपखल बसतो की स्पॅनिशने कधी बसवला नसता. १९७१ साली ऑस्टिन यांनी या चरित्रांचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा 'अंदलुसचे सूफी' म्हणून त्यांनी पेच टाळला. सूफी हा शब्द सुरक्षित आहे. परदेशात तर फारच सुरक्षित.

हे पुस्तक मराठीत आणायचे तर? 'अवलिया' नको, तो मथळ्यांनी खाल्ला आहे. 'संत' म्हणावे, तर शिंपी आणि चर्मकार आपल्या जागी बसतील, पण शेवटी सगळे विठ्ठलाच्या वाटेला लागल्यासारखे वाटतील आणि जवळिकीचा अर्थ निसटेल. आमचे मत 'वली' ठेवण्याकडे आहे, टीप न देता. 'माउली' शब्दाला कुणी टीप देत नाही. वाचक पाच पानांत शिकेल. शब्द टिकतो तो वापरल्याने, कंसात अर्थ देऊन नाही.

मतावर ठाम राहणे मात्र एका चरित्रापाशी कठीण जाते. सेव्हिल शहरात नूना फातिमा नावाची एक वृद्धा होती, नव्वदी ओलांडलेली. लोक दारापाशी जे उरलेसुरले टाकत त्यावर ती जगे. तिचा चेहरा इतका कोवळा आणि गुलाबी होता की पाहायला आपल्याला संकोच वाटे, असे इब्न अरबी लिहितात. तरुण वयात त्यांनी तिची खिदमत केली आणि तिच्यासाठी बोरूची झोपडी आपल्या हाताने बांधली. तिच्या नवऱ्याला कुष्ठरोग झाला होता. चोवीस वर्षे तिने त्याची सेवा केली, तो वारेपर्यंत, आणि आनंदाने केली. तिला डफ वाजवायला आवडे. एकदा ईदच्या रात्री मशिदीत मुअज्जिनने तिला चाबकाने मारले. ती रागावली. फजरला त्याच माणसाची अजान तिच्या कानावर आली आणि तिने अल्लाहला विनवले की त्याला धरू नकोस.

ती रागावली, हे इब्न अरबींनी गाळलेले नाही. आसिन यांच्या पुस्तकाच्या नावात ती सांतोनांच्या यादीत आहे. मराठीत तिला वली म्हणावे, की संत, की नुसते 'बी'? जुन्या नाशकात अशा म्हाताऱ्या बायांना 'बी' म्हणतात. दारात बसलेल्या असतात, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांवर ओरडतात, आणि कुणाचे मूल तापाने फणफणले की दम करायला त्यांच्याकडेच नेतात. अनुवादाच्या मसुद्यात त्या जागी आम्ही दोनदा 'वली' लिहिले आणि दोनदा खोडले. सध्या तिथे 'फातिमाबी' आहे.